डाव्या वळणावर चाक का उचलतं? बुलेटला साइडकार जोडण्यापूर्वी

बुलेटला डाव्या बाजूनं साइडकार, म्हणजे माणूस बसायचा एकचाकी डबा, जोडलेली आहे, डबा रिकामा आहे आणि समोर २० मीटर त्रिज्येचं डावं वळण आहे. ताशी २६ किलोमीटरच्या आसपास साइडकारचं चाक जमीन सोडतं. दणकट सायकलवाला उतारावर याहून जोरात जातो.

हा आकडा कुठून आला ते बघू. गाडी १८० किलो, चालवणारा ७०, साइडकार ८०. साइडकारचा भार गाडीच्या रेषेपासून साधारण ७० सेंटिमीटर डावीकडे धरला, तर तिन्हींचा मिळून गुरुत्वमध्य त्या रेषेच्या फक्त १७ सेंटिमीटर डावीकडे येतो आणि जमिनीपासून ६४ सेंटिमीटर उंच राहतो. डावीकडे वळताना सगळा भार उजवीकडे फेकला जातो. तो पेलायला आधार एकच, गाडीच्या दोन चाकांमधली रेषा. १७ भागिले ६४ म्हणजे ०.२७. वळणातलं आडवं त्वरण गुरुत्वाकर्षणाच्या इतक्या पटीला पोचलं की चाक हवेत.

आता त्याच डब्यात ६० किलोचा माणूस बसवा, मर्यादा ३२ वर जाते. माणूस नसेल तर फळीवर ३० किलो वाळूचं पोतं टाका, ३० च्या जवळ येते. आणि पोतंही नसेल, पण चालवणाऱ्यानं वळणाआधी बूड सरकवून अंग वीसेक सेंटिमीटर डावीकडे झुकवलं, तरी २९ मिळतात. पोतं फुकट आहे आणि ते झुकायला विसरत नाही, म्हणून नवख्यानं पहिले काही महिने ते काढूच नये. फक्त बांधून ठेवावं. ब्रेक मारल्यावर पुढे घसरलेलं पोतं काही कामाचं नसतं.

बाकीच्या खोडीही याच असमतोलातून येतात. इंजिन ओढतं गाडीच्या रेषेत, पण वजन त्या रेषेच्या डावीकडे आहे. म्हणून रेस दिली की डबा मागे रेंगाळतो आणि गाडी डावीकडे वळू बघते. ब्रेक मारला की डबा पुढे धावतो आणि नाक उजवीकडे, म्हणजे समोरून येणाऱ्या ट्रकच्या बाजूला जातं. एका सरळ वेगानं चालतानासुद्धा तिसऱ्या चाकाची ओढ डावीकडेच असते, आणि आपले रस्ते पाणी वाहून जावं म्हणून कडेला उतरते असतात, तो उतारही डावीकडेच. पुढची सगळी मापं ही ओढ हँडलवर येऊ नये म्हणून.

खरेदीपासून सुरुवात करू. साइडकार डावीकडचीच हवी. युरोपातून आलेली वेलोरेक्स किंवा श्टाइब दिसायला देखणी असते, पण ती बहुधा उजवीकडे जोडायला बनवलेली असते. आपल्याकडे ती लावली तर डब्यातला माणूस वाहतुकीत उतरतो आणि चालवणारा फुटपाथच्या कडेला बसून ओव्हरटेकचा अंदाज घेत राहतो. जुन्या १८ बीएचपीच्या ३५० बुलेटला ६० ते ८० किलोचा डबा झेपतो. त्याहून जड असेल तर घाटात दुसऱ्या गिअरमधून वर जाता येत नाही, फार हलका असेल तर वरचा हिशेब आणखी बिघडतो. फायबर की पत्रा यावर लोक तासन् तास वाद घालतात. खरं बघायचं ते खाली, चेसिसमध्ये. पाइपच्या खालच्या वाकात पाणी साचून तो आतून गंजतो, तिथे छोट्या हातोडीनं ठोकत जा. आवाज बद्द आला तर सोडून द्या. चाकाचा दांडा वाकलेला नाही ना, आणि वेल्डिंगच्या कडेला केसाएवढी चीर नाही ना, हे रंग खरवडून बघावं. ताजा जाड रंग दिसला तर दुप्पट संशय घ्यावा. स्थानिक फॅब्रिकेटरकडून नवी चेसिस करून घ्यायची असेल तर मुख्य पाइपची भिंत निदान ३ मिलिमीटर जाडीची असू द्या. चाक शक्यतो गाडीच्याच मापाचं, १९ इंची. स्कूटरचं लहान चाक खड्ड्यात जास्त खोल उतरतं, शिवाय स्टेपनी दोन ठेवाव्या लागतात.

बुलेट या कामाला सोयीची, त्याला कारण आहे. तिची किक आणि सायलेन्सर दोन्ही उजवीकडे. जावा-येझदीची किक डावीकडे, म्हणून तिथे डबा तेवढा बाहेर ठेवावा लागतो. पण बुलेटची मागची चेन डावीकडे आहे आणि जुन्या मॉडेलात मागच्या ब्रेकचं पॅडलही डावीकडेच, त्यामुळे मागचं खालचं ब्रॅकेट चेनला आणि पॅडलला चुकवूनच बसवावं लागतं. साइड स्टँड तर काढूनच टाका.

जोड चार हवेत: दोन खाली, दोन वर. खालचा पुढचा इंजिनच्या पुढच्या प्लेटजवळ, खालचा मागचा स्विंगआर्मच्या, मेकॅनिकच्या भाषेत चिमट्याच्या, पिनीजवळ पण फ्रेमवर. वरचा पुढचा टाकीखाली डाउनट्यूबवर, म्हणजे फ्रेमच्या पुढच्या उतरत्या पाइपवर, आणि वरचा मागचा सीटखाली. जुन्या बुलेटची फ्रेम खालून उघडी असते. पुढचा पाइप इंजिनपाशी संपतो आणि पुढे इंजिनच फ्रेमचं काम करतं. म्हणून खालचे जोड इंजिन प्लेटचे बोल्ट बदलून, लांब आणि हाय-टेन्साइल घालून घ्यावेत. फ्रेमच्या पाइपला ब्रॅकेट थेट वेल्ड करू नये. वेल्डच्या उष्णतेनं पाइप नेमका त्याच कडेला कमकुवत होतो, आणि साइडकारचा दर धक्का तिथेच येतो. दोन अर्ध्या कड्यांचा क्लॅम्प, आत पाइपच्या मापाचा नीट बोअर, १२ मिलिमीटरचे ८.८ ग्रेडचे बोल्ट आणि नायलॉक नट, हे बरं. क्लॅम्पखाली रबर घालण्याचा मोह टाळा. रबर दबतं, क्लॅम्प फिरतो आणि सगळी मापं महिन्याभरात पाण्यात.

जोडण्याआधी गाडी स्वतः सरळ आहे का ते पाहावं. हे बरेच जण टाळतात. पुढचं आणि मागचं चाक एका दोरीत आहे का, रिम आउट नाही ना, स्पोक सगळे एका आवाजात वाजतात का, कोनसेटमध्ये, म्हणजे हँडल ज्यावर फिरतं त्या बेअरिंगमध्ये, खेळ नाही ना, चिमट्याची बुशिंग ढिली नाहीत ना. एकट्या गाडीत हे दोष खपून जातात, कारण ती वळणात झुकते आणि चाकावर आडवा जोर फारसा येतच नाही. साइडकारवाली गाडी झुकत नाही. वळणाचा सगळा आडवा जोर स्पोक आणि बेअरिंग खातात. मागच्या चाकाचे स्पोक जाड घालून घ्यावेत, कोनसेटच्या जागी टेपर रोलर बेअरिंग बसवावं आणि शॉकॲब्सॉर्बरच्या स्प्रिंगा कडक कराव्यात.

आता मापं. जागा सपाट हवी, पाणसळ लावून तपासलेली. तिन्ही टायरांत हवा पूर्ण, सीटवर चालवणारा बसलेला, डब्यात नेहमीच्या वजनाच्या निम्मं ओझं. साइडकारची चेसिस विटांवर ठेवून आडवी करायची, नाक किंचित वर राहिलं तर चालेल, खाली नको.

पहिलं माप लीड: साइडकारच्या चाकाचा आस गाडीच्या मागच्या आसाच्या किती पुढे आहे ते. बुलेटच्या दोन आसांमधलं अंतर १३७० मिलिमीटर, त्याच्या १५ ते २० टक्के, म्हणजे २०५ ते २७५. लीड कमी पडलं तर उजव्या वळणात ब्रेक मारताना डब्याचं नाक खाली दबतं आणि पुढचं चाक व साइडकारचं चाक यांना जोडणाऱ्या तिरक्या रेषेवरून गाडी कलंडू बघते, मागचं चाक उचलतं. लीड जास्त झालं तर हँडल जड होतं आणि टायर झिजतात. हे माप एकदा ठरलं की पुन्हा बदलणं कटकटीचं, म्हणून खालचे ब्रॅकेट कसण्याआधी दोनदा मोजा.

दुसरं टो-इन: साइडकारचं चाक पुढच्या बाजूनं गाडीकडे किती वळलेलं आहे ते. अडीच मीटर लांबीचे ॲल्युमिनियमचे दोन सरळ चौकोनी पाइप घ्या. एक गाडीच्या दोन्ही चाकांना उजवीकडून टेकवा, दुसरा साइडकारच्या चाकाला बाहेरून, दोन्ही जमिनीपासून १० सेंटिमीटरवर. मागचा टायर पुढच्यापेक्षा रुंद असेल तर फरकाच्या निम्म्या जाडीची पट्टी पुढे घाला. मग पाइपांमधलं अंतर पुढच्या चाकापुढे आणि मागच्या चाकामागे मोजा. पुढचं अंतर १२ ते २० मिलिमीटरनं कमी हवं. साइडकारचं चाक किंचित उजवीकडे बघतं आणि डावी ओढ परत ढकलतं. जास्त असेल तर काय होतं तेही कळून घ्या. मोजण्याच्या दोन जागांमध्ये साधारण २ मीटर अंतर असतं. त्यात २० मिलिमीटर म्हणजे एक टक्का, म्हणजेच दर किलोमीटरला १० मीटर रबर आडवं घासायचं, ते तिन्ही टायर आपापसात वाटून घेतात. ४० मिलिमीटर ठेवलंत तर नवा टायर पाहता पाहता एका कडेनं गुळगुळीत होतो. टायरच्या खाचांवर हात फिरवा. एका दिशेनं मऊ आणि उलट्या दिशेनं करवतीसारखं लागलं तर टो-इन चुकलं आहे.

तिसरं लीन-आउट, म्हणजे गाडीचा डब्यापासून दूर, उजवीकडे कल. १ ते २ अंश पुरतो. वरचे दोन जोड टर्नबकलचे किंवा लांबी कमी-जास्त होणारे असतात ते यासाठीच. मोजायला गवंड्याचा ओळंबा सर्वांत भरवशाचा. पुढच्या चाकाच्या उजवीकडून तो सोडा, दोरी रिमच्या वरच्या कडेला टेकवा. १९ इंची रिमच्या खालच्या कडेशी दोरी १२-१३ मिलिमीटर दूर राहिली तर कल दीड अंश. कल बदलला की टो-इन थोडं हलतं, म्हणून परत पाइप लावून मोजा. एकदा मोजून कोणाचंच जमत नाही.

ट्रेल हा चौथा आणि सगळ्यांत महागडा विषय. हँडलचा आस जमिनीला जिथे भेटतो तिथपासून पुढच्या टायरचा टेकबिंदू जितका मागे, तितका ट्रेल. एकट्या गाडीला तो ९० मिलिमीटरच्या घरात लागतो, म्हणून ती सरळ धरून राहते. साइडकारला सरळ धरायला तिसरं चाक आहेच, मग तोच ट्रेल हँडल फिरवताना हाताला लढत राहतो. ५०-६० वर आणला तर हँडल हलकं होतं. बीएमडब्ल्यूनं १९५५ ते १९६९ पर्यंत वापरलेल्या अर्ल्स फोर्कमध्ये पुढच्या चिमट्याची पिन बसवायला दोन जागा असत, एकट्या गाडीसाठी एक, साइडकारसाठी दुसरी. दुसरीकडे बसवली की ट्रेल कमी. बुलेटला यासाठी पुढचे फोर्कचे पाइप धरणाऱ्या प्लेटा वेगळ्या ऑफसेटच्या, म्हणजे पाइप हँडलच्या आसापासून वेगळ्या अंतरावर धरणाऱ्या, कराव्या लागतात. आपल्याकडे बहुतेक जण ते न करता हँडल रुंद घेतात आणि खांदे कमावतात. शहरात फिरायला तेवढं चालतं, लांबच्या घाटाला नाही. ट्रेल कमी केलेल्या गाडीला २०-३० च्या वेगात हँडल थरथरण्याची सवय लागते. त्यासाठी घर्षणाचा स्टिअरिंग डॅम्पर, म्हणजे हँडलची थरथर दाबणारा जोड. पण आधी कोनसेट, स्पोक आणि टो-इन तपासा. डॅम्पर कसून दोष दाबणं म्हणजे ताप उतरवून दुखणं तसंच ठेवणं.

वजन वाढलं की गिअरिंगही खाली आणावं लागतं. गिअरबॉक्सच्या स्प्रॉकेटला १६ दात असतील आणि १५ चं घातलंत तर सहा टक्के फरक, १४ चं घातलंत तर साडेबारा. डबा भरून घाट चढायचा असेल तर साडेबाराच्या जवळ जा, नाहीतर क्लच प्लेटा जळतील. ब्रेकचंही तेच. जुना पुढचा ड्रम एकट्या गाडीला जेमतेम पुरतो. साइडकारच्या चाकाला ब्रेक असेल तर तो मागच्या ब्रेकबरोबर जोडून घ्यावा, म्हणजे थांबताना नाक उजवीकडे पळत नाही. मात्र तो मागच्यापेक्षा थोडा उशिरा लागेल असा ठेवावा. डब्यावरच्या दिव्यांना अर्थिंगची स्वतंत्र वायर द्या. ब्रॅकेटवरच्या रंगातून करंट परत येईल या भरवशावर राहिलं की इंडिकेटर पावसाळ्यात दगा देतो.

कागदपत्रांत एक गोष्ट आपल्या बाजूची आहे. मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम २ मधल्या मोटारसायकलच्या व्याख्येतच, वेगळी काढता येणारी आणि जादा चाक असलेली साइडकार धरलेली आहे. पण गाडीत बदल करण्याबद्दलचं कलम ५२ लागू होतंच. म्हणून आधी आरटीओकडून मंजुरी, आरसी बुकात नोंद, आणि विमा कंपनीला लेखी कळवणं. अपघातानंतर कळवून उपयोग नाही.

पहिली चाचणी रिकाम्या, सपाट रस्त्यावर, पोतं डब्यात ठेवून. ताशी ५० ला हँडल सैल धरा. डावीकडे ओढलं तर लीन-आउट थोडं वाढवा, उजवीकडे ओढलं तर कमी करा. एका वेळी एकच गोष्ट, टर्नबकल अर्धा फेरा, मग परत चाचणी. ५० किलोमीटरनंतर सगळे बोल्ट कसा, २०० ला परत, ५०० ला परत. प्रत्येक नटावर आणि बोल्टवर मिळून रंगाची एक रेघ ओढून ठेवली की तुटलेली रेघ बघूनच कोण फिरलंय ते कळतं.

चालवायला शिकताना मुरलेला मोटारसायकलवाला नवख्यापेक्षा जास्त चुकतो. त्याच्या हाताला डावीकडे वळायला हँडल क्षणभर उजवीकडे ढकलायची सवय असते. इथे हँडल जिकडे, गाडी तिकडेच. डाव्या वळणाआधी वेग उतरवायचा आणि वळणात हलकी रेस धरून ठेवायची, म्हणजे रेंगाळणारा डबाच गाडीला आत ओढतो. उजव्या वळणात उलटं: रेस सोडली की डबा पुढे येऊन नाक फिरवतो. आणि डाव्या वळणात चाक उचललंच, तर घाबरून ब्रेक मारू नका. हँडल जरा उजवीकडे सोडा, चाक खाली बसतं. उजवीकडे तेवढी जागा ठेवलेली असली पाहिजे, एवढंच.