५० हजार गळे आणि साडेआठ कप कोरा चहा

परवा फॅमिली ग्रुपवर एक फॉरवर्ड आला. होम ग्राउंडवर फुटबॉल टीम जास्त जिंकते, कारण हजारो लोक एका सुरात गातात तेव्हा म्हणे 'सामूहिक स्पंदनं' तयार होतात, ती खेळाडूंच्या पेशींपर्यंत पोचतात आणि त्यांना ऊर्जा देतात, आपल्या पूर्वजांना हे सगळं आधीच माहीत होतं म्हणून तर आरती सगळ्यांनी मिळून म्हणायची, वगैरे वगैरे, आणि शेवटी नेहमीप्रमाणे ११ जणांना पाठवा. मी पाठवला नाही. हिशोब करत बसलो.

जीव तोडून ओरडणाऱ्या एका माणसाच्या तोंडातून बाहेर पडणारी आवाजाची शक्ती साधारण एक मिलिवॅट धरतात, म्हणजे वॅटचा हजारावा भाग. ५० हजार माणसं एकदम ओरडली तर झाले ५० वॅट. आपल्या घरातला जुना पिवळा बल्बसुद्धा ६० वॅटचा असायचा. आता एक कप, म्हणजे १०० मिली पाणी २५ अंशावरून उकळायला साधारण ३१,५०० ज्यूल लागतात. या ५० हजार लोकांनी ९० मिनिटं एक क्षणही न थांबता बोंब मारली आणि स्टेडियमला झाकण लावून तो सगळा आवाज एका पातेल्यात ओतता आला, तर साडेआठ कप कोरा चहा होईल. दूध-साखर वेगळी. ही ती ऊर्जा. २२ मार्च २०२० च्या जनता कर्फ्यूच्या वेळी टाळ्या-थाळ्यांच्या स्पंदनांनी विषाणू मरतो असाच फॉरवर्ड फिरला होता, तेव्हा सरकारच्याच पीआयबीला, म्हणजे पत्र सूचना कार्यालयाला, हे खोटं आहे म्हणून सांगावं लागलं होतं. माणसं तीच, स्पंदनं तीच, फक्त विषाणूच्या जागी आता फुटबॉल आलाय.

पण गंमत अशी की फॉरवर्डचं उत्तर जरी फालतू असलं तरी प्रश्न खरा आहे. घरच्या मैदानाचा फायदा असतोच, तो आकड्यांत दिसतो. आणि ते गाणं ऐकताना अंगावर काटा येतो तोही खोटा नाही.

धुळ्याला ताईकडे गेलो होतो तेव्हाची गोष्ट, रात्री भाचा जर्मनीतल्या डॉर्टमुंडची मॅच लावून बसलेला. तिथे गोलच्या मागे एकच अख्खा स्टँड आहे, जवळजवळ २५ हजार माणसं उभी राहून मॅच बघतात, सगळे पिवळ्या कपड्यांत, म्हणून त्याला पिवळी भिंत म्हणतात. ती भिंत गात होती आणि टाळ्या अशा पडत होत्या की जणू एकाच माणसाचे हात. आतून ताई ओरडत होती, "ते टीव्हीना आवाज कमी कर रे," आणि हा पठ्ठ्या मला विचारतो, "मामा, यास्ले इतकं बराबर कोन शिकाडस रे?"

कोणी शिकवत नाही, हेच तर सगळ्यात भारी आहे! मला फुटबॉलमधलं फार कळत नाही, पण हा विषय निघाला की मी जेवायचंही विसरतो, तेव्हा सांभाळून घ्या.

१६६५ मध्ये क्रिस्तियान हायगेन्स हा डच शास्त्रज्ञ आजारी पडून अंथरुणात होता. समोर लंबकाची दोन घड्याळं एकाच दांडीला टांगलेली. पडल्या पडल्या त्याच्या लक्षात आलं की दोन्हींचे लंबक एकमेकांशी ताल धरून हलतायत, एक डावीकडे गेला की दुसरा बरोब्बर उजवीकडे, आणि मुद्दाम ताल बिघडवला तरी थोड्या वेळाने परत जुळतो. ज्या दांडीला ती टांगली होती तिच्यातून एकाचे बारीक हेलकावे दुसऱ्यापर्यंत पोचत होते, बस एवढंच. म्हणजे दोन गोष्टी लागतात: प्रत्येकाची स्वतःची एक लय, आणि एकमेकांना ढकलायला काहीतरी मधलं. घड्याळांना दांडी, माणसांना हवा.

आता दोनाच्या जागी २५ हजार घ्या. प्रत्येकाची टाळीची लय थोडी वेगळी, कोणी घाईतला, कोणी आळशी. १९७५ मध्ये योशिकी कुरामोतो या जपानी शास्त्रज्ञाने याचं गणित मांडलं. प्रत्येक जण एक चक्र समजा, जे स्वतःच्या वेगाने फिरतंय आणि बाकीच्यांच्या सरासरीकडे थोडं थोडं ओढलंही जातंय. ओढ कमी असेल तर काहीच होत नाही, नुसता गोंगाट. ओढ हळूहळू वाढवत नेली तरी बराच वेळ काहीच होत नाही, आणि मग एका ठरावीक मर्यादेला मधल्या वेगाच्या लोकांचा एक घोळका एकदम जुळतो, घोळका जुळला की सरासरी ठळक होते, ती ठळक झाली की ओढ आणखी वाढते, मग कडेचे घाईवाले आणि आळशी पण आत खेचले जातात. पाणी गोठतं ना, तसंच, उणे-अधिक एका अंशात सगळा मामला. आणि ही मर्यादा कशावर अवलंबून, तर लोकांच्या वेगांमध्ये किती फरक आहे त्यावर. फरक जितका कमी तितकी मर्यादा खाली. (इथे डोकं गरगरलं असेल तर एवढंच धरा: सगळ्यांचे वेग जवळजवळ सारखे असले की ताल पटकन जुळतो.)

आणि याची परीक्षा कोणी घेतली? नेडा, राव्हास, ब्रेशे, विचेक आणि बाराबाशी या मंडळींनी रोमानिया आणि हंगेरीतल्या नाटकांच्या थेटरांत टाळ्या रेकॉर्ड केल्या आणि २००० साली नेचर या विज्ञान नियतकालिकात छापलं. नाटक संपलं की लोक आधी जोरजोरात वाजवतात, साधारण सेकंदाला चार. नुसता पाऊस पडल्यासारखा आवाज. मग काही सेकंदांत अख्खं थेटर आपोआप निम्म्या वेगावर येतं, सेकंदाला दोन, आणि लगेच ताल जुळतो. निम्मा वेग का? कारण फास्ट टाळीत माणसामाणसातला फरक मोठा असतो, संथ टाळीत तो कमी होतो. कुरामोतोची मर्यादा खाली आली, जुळलं! पण आता टाळ्याच निम्म्या झाल्या म्हणजे एकूण आवाजही कमी झाला, आणि लोकांना तर आवाज वाढवायचाय, मग ते नकळत वेग वाढवतात, वेग वाढला की फरक वाढतो, ताल तुटतो, परत पाऊस. परत संथ, परत जुळलं. हे चक्र चालूच राहतं. म्हणजे ताल पण हवा आणि दणका पण हवा हे एकदम मिळत नाही, एक घ्या. पुढच्या वेळी नाट्यगृहात गेलात तर कान देऊन ऐका, मी तर आता नाटकापेक्षा टाळ्यांसाठी थांबतो.

मग स्टेडियममध्ये सगळं स्टेडियम एका तालात का येत नाही? इथे मला पांझरा नदी आठवते. लहानपणी आम्ही काठावर बसायचो, पलीकडे बायका कपडे धुवायच्या. कपडा दगडावर आपटलेला दिसायचा आणि धप्प हा आवाज यायचा तेव्हा बाईचे हात परत वर गेलेले असायचे. मला कितीतरी दिवस वाटायचं की आवाज हात वर गेल्यामुळे येतो. आवाज २० अंशाला सेकंदाला ३४३ मीटर जातो, आपल्याकडच्या मे महिन्यात ४२ अंशाला ३५६ च्या आसपास, म्हणजे उन्हाने जीव गेला तरी आवाजाला तेवढाच काय तो फायदा. फुटबॉलचं मैदान १०५ मीटर लांब असतं, त्यात दोन्हीकडच्या स्टँडची खोली धरली तर १५० मीटर सहज होतात. म्हणजे समोरच्या स्टँडची टाळी इकडे ०.४४ सेकंद उशिरा पोचते. सेकंदाला दोन टाळ्या म्हणजे दोन टाळ्यांत ०.५ सेकंद. घ्या! समोरच्याची टाळी ऐकू येईपर्यंत तुमची पुढची टाळी दारात उभी. जो आवाज ऐकून जुळवून घ्यायचं तोच जवळजवळ एक ठोका शिळा, अडीचशे मीटरच्या मैदानात तर दीड ठोका शिळा, म्हणजे बरोब्बर उलटा. म्हणून एकेक स्टँड आतल्या आत घट्ट जुळतो, पण समोरासमोरचे दोन स्टँड कानाच्या भरवशावर जुळत नाहीत. टीव्हीवर एकसंध वाटतं कारण माइक स्टँडच्या जवळ लावलेले असतात.

गाण्यात आणखी एक भानगड होते. लांबचा आवाज उशिरा येतो, तो ऐकून तुम्ही थोडे थांबता, तुमचं ऐकून तो थोडा थांबतो, आणि अशाने गाणं हळूहळू रेंगाळायला लागतं. छोट्या खोलीत अंतर नगण्य, तिथे उलट प्रत्येक जण ठोक्याच्या जराशी आधीच उडी मारतो आणि लय वाढत जाते. गणपतीची आरती शेवटाकडे पळत सुटते ती फक्त प्रसादामुळे नव्हे.

यावर उपाय एकच, कान सोडून डोळे वापरायचे. प्रकाश तर मैदान पार करायला सेकंदाचा लाखावा भागसुद्धा घेत नाही. २०१६ च्या युरो कपमध्ये आइसलंडच्या लोकांची ती टाळी आठवते? जेमतेम ३ लाख ३० हजार वस्तीचा देश (२०११ च्या जनगणनेत आपलं जळगाव शहरच ४ लाख ६० हजारांचं होतं), आणि त्यांनी इंग्लंडला २-१ ने घरी पाठवलं. ते हात डोक्याच्या वर पसरून धरायचे, थांबायचे, मग एकच टाळी. हात वर असल्याने लांबच्यालाही दिसतात. आणि सुरुवात अगदी संथ, दोन टाळ्यांत इतकं अंतर की ०.४ सेकंदाचा उशीर त्यात कुठल्या कुठे विरघळतो. बहुतेक कोणी गणित करून ठरवलं नसेल, पण गणिताला धरून आहे. इटलीत आणि इतरत्रही स्टँडसमोर, मैदानाकडे पाठ करून उभा राहून हातवारे करणारा एक जण असतो, त्याला कापो म्हणतात, मॅच बिचाऱ्याला दिसतच नाही, तोही हेच काम करतो.

राहिला मूळ प्रश्न, गाण्याने जिंकतात कसे. आधी 'लाखाच्या गर्दीचा कानठळ्या बसवणारा आवाज' ही कल्पना जरा आवरती घ्या. १३ जुलै १९९७ ला कोलकात्याच्या सॉल्ट लेक स्टेडियमवर ईस्ट बंगाल आणि मोहन बागान यांच्या मॅचला १,३१,७८१ लोक होते, पण लोक दहापट झाले तर आवाज फक्त १० डेसिबलने वाढतो, आणि कानाला तो साधारण दुप्पट वाटतो. हजार लोकांच्या दुप्पट आवाज हवा तर दहा हजार लोक आणा. छप्पर कसं आहे आणि स्टँड मैदानाला किती चिकटून आहे याने डोक्यांच्या संख्येपेक्षा जास्त फरक पडू शकतो.

आवाज पोचतो तो पेशींत नाही, रेफ्रीच्या डोक्यात. २००२ मध्ये इंग्लंडमध्ये नेव्हिल आणि सहकाऱ्यांनी ४० रेफ्रींना एकाच मॅचमधल्या ४७ धडकांचा व्हिडिओ दाखवला, काहींना गर्दीच्या आवाजासकट, काहींना आवाज बंद करून. आवाज ऐकणाऱ्यांनी घरच्या टीमविरुद्ध सुमारे १५ टक्के कमी फाउल दिले. चित्र तेच, पाय तेच, फक्त आवाज वेगळा. पुढे कोविडने फुकटात मोठा प्रयोग करून दिला. १६ मे २०२० ला जर्मनीची लीग रिकाम्या स्टेडियममध्ये परत चालू झाली, मग बाकीच्या देशांतही, आणि त्या मॅचेस तपासल्यावर दिसलं की पाहुण्या टीमला मिळणारी पिवळी कार्डं कमी झाली आणि घरचा फायदाही घटला. अर्थात पूर्ण गेला नाही, प्रवास, ओळखीचं मैदान, स्वतःचा पलंग हेही असतंच.

हे सगळं मी भाच्याला जेवताना सांगितलं, ताई शेवभाजी वाढत होती आणि तो नुसता हं हं करत होता. मला वाटलं डोक्यावरून गेलं. पण मे महिन्यात त्यांच्या गल्लीची टीम एका टूर्नामेंटच्या फायनलला पोचली, तर पोरांनी माझ्याच सांगण्यावरून दोन्ही गोलच्या मागे अर्धे अर्धे लोक उभे केले. आधी ढोलावर प्रयत्न केला, झाला पचका, मैदानाच्या मधोमध उभं राहून ठीक वाटत होतं पण टोकाला गेलं की दोन ढोल भांडल्यासारखे. मग हात डोक्यावर. एक. थांबा. दोन. थांबा. काय जुळलं म्हणता! माझ्या अंगावर खरंच काटा आला, साडेआठ कपवाल्याच्या. सातव्या-आठव्या टाळीला पोरं रंगात आली, वेग वाढला, आणि नेचरमध्ये छापल्याबरहुकूम सगळा पाऊस झाला. त्याच गोंधळात आमचा एक जण पाय घालायला गेला आणि रेफ्रीने शिट्टी मारली, फाउल आमच्याच विरुद्ध.

भाचा मैदानाच्या त्या टोकावरून माझ्याकडे बघत ओरडला, आणि ते मला पाव सेकंदाने ऐकू आलं:

"मामा, हाऊ रेफ्री बहिरा शे का?"