पावसाळ्यात व्हॅक्यूम का लागत नाही: चेंबरच्या भिंतीवरचं पाणी

मेटलायझिंग आणि पीव्हीडी कोटिंग (निर्वात चेंबरमध्ये धातूची वाफ करून वस्तूंवर पातळ थर बसवणं) करणाऱ्या ग्राहकांसाठी

जून लागला की मालाडपासून वसईपर्यंतच्या कोटिंग युनिटांतून एकच तक्रार सुरू होते. उन्हाळ्यात वेळेवर लागणारा व्हॅक्यूम आता लागत नाही, आणि लागला तरी ॲल्युमिनियम पांढुरकं येतं, टायटॅनियम नायट्राइडचा सोनेरी रंग तपकिरीकडे झुकतो. पहिला संशय पंपावर जातो. पंप उघडण्याआधी पुढचं वाचा, कारण पावसाळ्यात दोष बहुतेक वेळा पंपात नसतो.

चेंबरमधली मोकळी हवा पंप काही मिनिटांत काढतो. त्यानंतर गेजवर (दाबमापकावर) उरतो तो दाब मुख्यतः पाण्याच्या वाफेचा असतो, आणि ती वाफ भिंती, जिग (वस्तू अडकवायची चौकट), शिल्ड (भिंतींना कोटिंगपासून वाचवणारे पत्रे) यांच्यावरून सुटत असते. वायूचा रेणू धातूवर आदळला की तिथे काही काळ चिकटतो आणि मग उष्णतेमुळे सुटतो. किती काळ, हे बंधाच्या ताकदीवर आणि भिंतीच्या तापमानावर ठरतं. नायट्रोजनचा बंध मोलमागे साधारण १५ किलोज्यूल, म्हणून तो सेकंदाच्या अब्जाव्या भागाच्याही आत निघून जातो. स्टीलवरच्या ऑक्साइडला धरून बसलेल्या पाण्याचा बंध ९० किलोज्यूलच्या आसपास असू शकतो. असा रेणू २७ अंश सेल्सिअसला सरासरी सात-आठ मिनिटं बसून राहतो. सुटला तरी पंपाच्या तोंडाशी पोहोचेपर्यंत तो अनेकदा भिंतीवर आदळतो आणि पुन्हा बसतो. हीच भिंत १५० अंशांवर नेली तर त्याचा मुक्काम सेकंदाच्या शंभराव्या भागाइतका उरतो.

पाण्याचे सगळे रेणू सारख्याच ताकदीने बसलेले नसतात. सैल बसलेले आधी जातात, घट्ट बसलेले रेंगाळतात. म्हणून न तापवलेल्या चेंबरमध्ये पाण्याचा दाब साधारण वेळेच्या व्यस्त प्रमाणात उतरतो: एका तासानंतर जो दाब आहे त्याच्या दहाव्या भागावर यायला दहा तास. पंप दुप्पट मोठा लावला तरी भिंतीवरचा साठा निम्मा होत नाही.

साठा किती, तेही पाहू. एक चौरस मीटर पृष्ठभागावर पाण्याचा फक्त एक रेणू जाडीचा थर असेल, तर ०.००००१ मिलिबारला (कारखान्यात आपण ज्याला ‘मायनस फाइव्ह’ म्हणतो) त्याची वाफ सुमारे ४० हजार लिटर होते. दमट हवेत असे अनेक थर बसतात. शिवाय शिल्डवर जुन्या कोटिंगचे पापुद्रे साचले असतील, तर त्यांच्या छिद्रांमुळे खरा पृष्ठभाग दिसतो त्याच्या कित्येक पट असतो. आमच्या मते शिल्ड साफ करणं हाच सगळ्यांत स्वस्त उपाय आहे, आणि तोच सगळ्यांत जास्त टाळला जातो.

कोटिंग बिघडतं ते असं. मायनस फाइव्हला पाण्याचे इतके रेणू जॉबवर (कोटिंग करायच्या वस्तूवर) आदळतात की सगळे चिकटले तर सेकंदाला तीन-चार थर बसतील. ॲल्युमिनियम सेकंदाला १ नॅनोमीटर वेगाने बसत असेल, तर दर दोन ॲल्युमिनियम अणूंमागे पाण्याचा एकाहून जास्त रेणू येतो. वेग २० नॅनोमीटर केला की तेच प्रमाण तीस-पस्तीस अणूंमागे एक. म्हणून फिलामेंट (ॲल्युमिनियम तापवणारी टंगस्टनची तार) हळूहळू तापवत ॲल्युमिनियम उडवू नका. आधी मंद तापवून तार आणि धातू यांतला वायू शटर (जॉबसमोरचा पडदा) बंद ठेवून निघू द्या, मग एकदम जोर द्या. टंगस्टनच्या तारेला पाण्याचा अंशही सोसत नाही. बल्ब आतून काळे पडण्यामागे पाण्याची वाफ असते, हे अर्व्हिंग लँगम्यूर यांनी बल्बवर काम करतानाच दाखवलं. पृष्ठभागांच्या रसायनशास्त्रासाठी १९३२ चं नोबेल मिळालेले ते हेच.

लीक आहे की पाणी, हे आधी ठरवा

चेंबर रिकामा ठेवून नेहमीच्या तळाच्या दाबापर्यंत खेचा. हाय-व्हॅक्यूम आणि रफिंग (सुरुवातीची हवा काढणाऱ्या पंपाचा), दोन्ही व्हॉल्व्ह बंद करा. दर ३० सेकंदांनी गेज वाचून १० मिनिटं नोंद करा आणि कागदावर आलेख काढा. रेषा सरळ चढत राहिली तर बाहेरून हवा येते आहे. रेषा सुरुवातीला चढून मग वाकत सपाट होऊ लागली तर भिंतीवरून वाफ सुटते आहे. शंका राहिली तर कोरडा नायट्रोजन भरून पुन्हा खेचा. दुसऱ्या वेळी दाब स्पष्टपणे लवकर उतरला तर ते पाणी होतं. लीक शोधायला विटॉनच्या (एक प्रकारच्या रबराच्या) ओ-रिंगवर ॲसिटोन मारू नका, विटॉन फुगतो आणि आगीचा धोका वेगळाच.

काय करायचं

सगळ्यांत मोठा फरक दार उघडण्याच्या वेळी पडतो. जुलैत मुंबईच्या हवेचा दवबिंदू २५ अंशांच्या आसपास असतो. चिलरचं १८ अंशांचं पाणी जॅकेटमधून (चेंबरच्या भिंतीभोवतीच्या पोकळीतून) फिरत असताना दार उघडलं, तर भिंतीवर अक्षरशः दव धरतं, मग पुढची बॅच गेलीच. व्हेंट करण्याआधी (दार उघडण्यासाठी चेंबरमध्ये हवा किंवा वायू सोडण्याआधी) चिलर बंद करून जॅकेटमध्ये ५० ते ६० अंशांचं पाणी फिरवा, दार उघडं असेपर्यंत ते तसंच ठेवा, पंपिंगच्या पहिल्या टप्प्यातही चालू द्या, आणि कोटिंग सुरू करण्याआधी थंड पाण्यावर या.

व्हेंट खोलीतल्या हवेने न करता कोरड्या नायट्रोजनने करा. आधी दाराचे क्लॅम्प सैल करा, म्हणजे चेंबरमध्ये जादा दाब साठणार नाही. बंद, लहान खोलीत नायट्रोजनमुळे माणूस गुदमरू शकतो. पंखा आणि खिडकी हवीच. दार उघडल्यावर जॉब तयार असू द्या, मांडणी बाहेर करून जिग एकदम आत सरकवा. आत हात घालायचा तो नायट्राइल हातमोजे घालूनच.

प्लास्टिकच्या जॉबमध्ये पाणी नुसतं वर नसतं, आत मुरलेलं असतं. एबीएस आणि नायलॉन ६० अंशांच्या ओव्हनमध्ये काही तास ठेवा आणि गरम असतानाच लोड करा.

द्रव नायट्रोजनची कॉइल बसवली असेल तर उणे १९६ अंशांवर आलेला पाण्याचा रेणू सुटतच नाही. अशा थंड पृष्ठभागाचा दर चौरस सेंटीमीटर पाण्याची वाफ सेकंदाला जास्तीत जास्त १४.७ लिटर खेचतो. पण कॉइल खोलीच्या तापमानाला येईपर्यंत दार उघडू नका.

रोटरी पंपाचं तेल दुधाळ दिसलं तर त्यात पाणी उतरलं आहे. गॅस बॅलास्ट (पंपात थोडी हवा सोडून वाफ बाहेर काढणारा व्हॉल्व्ह) उघडा ठेवून पंप अर्धा तास चालवा, तरी दुधाळच राहिलं तर तेल बदला.

आम्हाला बोलावताना दाबवाढीचा आलेख, गेजचा प्रकार (पिरानी की पेनिंग), शिल्ड शेवटचे कधी साफ केले आणि व्हेंट कशाने करता, एवढं सांगा. बऱ्याचदा फोनवरच काम होतं.