टायमिंग पुढे घेतलं की जीप चोर्ला घाट चढते?

खानापूर-जांबोटीकडच्या जुन्या पेट्रोल जीपवाल्यांत एक समज मुरला आहे: टायमिंग जितकं पुढे घ्याल, म्हणजे इंजिनात ठिणगी जितकी लवकर पाडाल, तितकी गाडी चोर्ला घाटात जोरात ओढते. हे खरं नाही.

ठिणगी पडल्यावर पेट्रोल-हवेचं मिश्रण जळायला थोडा वेळ लागतो, म्हणून पिस्टन माथ्यावर पोचायच्या जरा आधी ठिणगी हवी. विलिसच्या एफ-हेड हरिकेन इंजिनाला हे अंतर क्रँकशाफ्टच्या फिरण्यात फक्त ५ अंश. वेग वाढला की डिस्ट्रिब्युटरमधली (प्रत्येक सिलिंडरला ठिणगी वाटणाऱ्या भागातली) वजनं ते आपोआप वाढवतात. तुम्ही हाताने फार पुढे घेतलंत, तर वर येणाऱ्या पिस्टनलाच जळत्या वायूचा दाब उलटा बसतो. भरली गाडी चढताना येणारी टिकटिक म्हणजे ताकद नव्हे, नॉकिंग आहे, म्हणजे मिश्रणाचं बेताल भडकणं. त्यात पिस्टन जातो, आणि ही इंजिनं आता नव्याने बनत नाहीत, हे मनाला लागतं.

आधी पॉइंटचा, म्हणजे डिस्ट्रिब्युटरमधल्या उघडझाप करून ठिणगी पाडणाऱ्या संपर्काचा, गॅप लावा, ०.०२० इंच. गॅप वाढला की टायमिंगही पुढे सरकतं, म्हणून तो शेवटी लावलात तर मेहनत वाया. मग पहिला सिलिंडर कॉम्प्रेशनवर आणून ५ अंशांची टायमिंगची खूण जुळवा, पॉइंटला बल्ब जोडा आणि डिस्ट्रिब्युटर हळू फिरवत बल्ब पेटतो त्या जागी तो आवळा.