पर्क, काळा पाषाण आणि मळी

लग्नसराई उरकली की बेळगावातल्या शहापूर-वडगावच्या रेशमी साड्या, शालू, सूट, शेरवान्या ड्रायक्लीनिंगच्या दुकानात जातात. तिथे पाण्याऐवजी द्रावण वापरतात. लहान दुकानांत ते बहुधा पेट्रोलियमपासून केलेलं टर्पेंटाइन असतं, तर मोठ्या बंद यंत्रांत टेट्राक्लोरोएथिलीन, म्हणजे धंद्यातल्या बोलीत ‘पर्क’. मायकेल फॅरडेने १८२१ मध्ये ते पहिल्यांदा तयार केलं. तेलकट डाग काढण्यात ते पटाईत, शिवाय सहजासहजी पेट घेत नाही आणि यंत्रातच ऊर्ध्वपातन करून पुन्हा वापरता येतं. मात्र माणसात कर्करोग घडवण्याचा त्याच्यावर दाट संशय आहे, आणि जमिनीत मुरलं की ते पिढ्यान्‌पिढ्या नाहीसं होत नाही.

रॉकेल सांडलं तर ते भूजलावर तरंगतं, वरच्यावर उपसता तरी येतं. पर्क पाण्याच्या १.६ पट जड आहे. पाण्याची पातळी ओलांडून ते खाली, आणखी खाली जातं आणि घट्ट थर लागेल तिथे साचतं. बेळगावच्या आसपास वर तांबडी माती आणि जांभा, त्याखाली मुरूम आणि मग काळा पाषाण. आपल्या विहिरींना पाणी येतं ते त्या पाषाणाच्या भेगांतूनच. पर्कची वाटही तीच. एका भेगेतून दुसरीत, तिरकं, कधी भूजलाच्या प्रवाहाच्या उलट दिशेनेही ते सरकतं. म्हणून दुकानामागे एक बोअर मारून पाणी चांगलं निघालं, तरी निर्धास्त होता येत नाही.

पाणी नासवायला किती पर्क पुरतं? अमेरिकेत पिण्याच्या पाण्यातली मर्यादा लिटरला ५ मायक्रोग्रॅम आहे. १ लिटर पर्क म्हणजे सुमारे १.६ किलो. त्या हिशेबाने ते ३२ कोटी लिटर पाणी मर्यादेपर्यंत नासवू शकतं. त्यासाठी पिंपच्या पिंप सांडायची गरज नसते. यंत्रातल्या सेपरेटरमधून, म्हणजे पर्क आणि पाणी वेगळं करणाऱ्या भागातून, रोज थोडं पाणी बाहेर पडतं, दिसायला अगदी नितळ. त्या पाण्यात लिटरला सुमारे १५० मिलिग्रॅम पर्क विरघळलेलं असतं, म्हणजे मर्यादेच्या तीस हजार पट. ते गटारात ओतलं की पाइपच्या सांध्यांतून पाझरत राहतं. उत्तर कॅरोलायनातल्या कॅम्प लेजून या लष्करी तळाबाहेर असंच एक ड्रायक्लीनिंगचं दुकान होतं. तिथलं पर्क सैनिक-कुटुंबांच्या वसाहतीला पाणी पुरवणाऱ्या विहिरींत उतरलं. त्या विहिरी १९८५ मध्ये बंद झाल्या, तोवर कितीतरी वर्षं लोक तेच पाणी पीत होते.

साफसफाईचा पहिला विचार सुचतो तो उपशाचा. पाणी उपसायचं, करवंटीपासून केलेल्या सक्रिय कोळशातून गाळायचं. याने दूषित पाणी पुढे पसरणं थांबतं, एवढं नक्की. पण पंप बंद केला की दगडाच्या बारीक छिद्रांत दडलेलं पर्क हळूहळू बाहेर येतं आणि आकडे पुन्हा चढतात. पाण्याच्या पातळीच्या वरच्या मातीतली वाफ पाइप टाकून ओढून घेता येते. हे काम उन्हाळ्यात चांगलं साधतं. पावसाळ्यात पातळी वर आली की ओढायला कोरडी मातीच उरत नाही.

मला खरी आशा वाटते ती पर्क जागच्या जागी मोडून काढणाऱ्या उपायांची. त्यांचा कच्चा माल आपल्याला अनोळखी नाही. गावच्या विहिरीत टाकायची ती जांभळी पूड, पोटॅशियम परमँगनेट, पर्कच्या रेणूची फोड करते. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या लेथखाली पडतो तसला लोखंडाचा कीस, तेल काढून आणि बारीक करून, भूजलाच्या वाटेवर खंदकात भरला तर पर्कमधलं क्लोरीन सुटं होतं. कॅनडात १९९१ पासून अशा लोखंडी भिंतींचे प्रत्यक्ष जमिनीत प्रयोग झाले आहेत.

आणि मग मळी. आपल्या साखर कारखान्यांच्या टाक्यांत असते तीच. पाण्यात कालवून ती बोअरमधून खाली सोडतात. तिच्यावर जिवाणू तुटून पडतात, सगळा ऑक्सिजन संपवतात आणि साखर आंबून हायड्रोजन तयार होतो. त्या हायड्रोजनवर डेहॅलोकोकॉइड्स नावाचे जिवाणू जगतात. आपण ऑक्सिजन वापरतो तसे ते क्लोरीनयुक्त रेणू वापरतात आणि पर्कमधले चार क्लोरीन एकामागून एक काढून टाकतात. शेवटी उरतं एथिलीन, पिकणाऱ्या केळ्यातून निघतं तेच.

मात्र हे काम अर्ध्यावर अडकू शकतं. तीन क्लोरीन निघाले आणि एक राहिला तर व्हिनाइल क्लोराइड बनतं, आणि त्याने कर्करोग होतो हे सिद्ध झालेलं आहे. नेमके जिवाणू त्या जमिनीत नसतील तर ते बाहेर वाढवून सोडावे लागतात. नुसती मळी ओतून मोकळं होणं म्हणजे आगीतून फुफाट्यात. प्रत्येक टप्प्यावर पाणी तपासत राहावं लागतं, आणि काम वर्षानुवर्षं चालतं. यंत्राच्या तळाचा गाळ आणि वापरलेलं द्रावण घातक कचरा म्हणून अधिकृत ठिकाणी द्यायला येणारा खर्च या सगळ्या खटाटोपापुढे किरकोळ आहे.

टीडीएस (विरघळलेले क्षार), नायट्रेट, जंतू या नेहमीच्या तपासणीत पर्क दिसत नाही. त्यासाठी गॅस क्रोमॅटोग्राफ, म्हणजे वाफ होणारी रसायनं वेगळी करून मोजणारं यंत्र, असलेली प्रयोगशाळा लागते. दुकानाजवळच्या विहिरीचा नमुना द्यायचा तर प्रयोगशाळेतूनच काचेची छोटी कुपी मागून घ्यावी, ती काठोकाठ भरावी आणि झाकण लावून उलटी करून पाहावी. आत बुडबुडा दिसला तर पुन्हा भरावी, कारण पर्क त्या बुडबुड्यात निघून जातं. मग बर्फात ठेवून लवकरात लवकर पोहोचवावी.