कॅलिओपी हमिंगबर्ड

अमेरिकेची संयुक्त संस्थाने आणि कॅनडा या देशांत वीण करणाऱ्या पक्ष्यांपैकी हा सर्वांत लहान. लांबी जेमतेम आठ सेंटिमीटर, वजन अडीच-तीन ग्रॅम, म्हणजे आपल्या रुपयाच्या नाण्याहूनही कमी. इंग्रज पक्षितज्ज्ञ जॉन गूल्ड यांनी १८४७ मध्ये त्याचे वर्णन केले. नाव ग्रीक पुराणातल्या महाकाव्याच्या देवतेचे. महाराष्ट्रात अंगणातल्या जास्वंदीवर येणाऱ्या शिंजीराला बरेच जण हमिंगबर्ड म्हणतात, पण हमिंगबर्ड (गुंजन पक्षी) अमेरिका खंडांबाहेर नाहीत.

नराच्या पांढऱ्या गळ्यावर किरमिजी रंगाच्या सुट्या रेघा असतात. तिथल्या इतर बहुतेक हमिंगबर्ड नरांचा गळा सलग रंगलेला दिसतो, त्यामुळे नर ओळखायला सोपा. मात्र ही चमक पिसांच्या सूक्ष्म रचनेतून येते. ऊन पक्ष्याच्या पाठीमागे असेल तर त्याच रेघा काळपट भासतात. खरी परीक्षा मादीची आणि पिल्लांची. गळ्यावर बारीक ठिपके, कुशीला फिकट पिवळसर-तांबूस छटा, त्यामुळे ती तांबड्या (रूफस) हमिंगबर्डच्या मादीसारखी वाटते. अशा वेळी रंगाचा नाद सोडावा आणि पक्षी फांदीवर टेकण्याची वाट पाहावी. मिटलेल्या पंखांची टोके आखूड शेपटीच्या किंचित पुढे आलेली दिसली आणि चोचही आखूड असली, तर तो बहुधा कॅलिओपीच.

उन्हाळ्यात तो पश्चिमेकडच्या डोंगराळ भागात, झऱ्याकाठच्या झुडपांत आणि सूचिपर्णी रानात राहतो. हिवाळा मेक्सिकोत काढतो. एवढ्याशा देहाने दरवर्षी हजारो किलोमीटर जाऊन येणे ही विलक्षण गोष्ट आहे. लांब पल्ल्याच्या स्थलांतरात याच्याहून लहान पक्षी नाही. मध, हवेत टिपलेले किडे आणि सुतारपक्ष्यांच्या एका गटाने झाडांना पाडलेल्या भोकांतून झिरपणारा रस हे त्याचे अन्न. थंड रात्री शरीराचे तापमान उतरवून तो गुंगीत जातो, नाहीतर साठवलेली चरबी सकाळपर्यंत पुरणार नाही.

विणीच्या काळात नर उंच चढून इंग्रजी यू आकारात खाली झेपावतो. घरटे आणि पिल्ले मात्र एकट्या मादीच्या वाट्याला. वरून दुसऱ्या फांदीचे छप्पर असेल अशी जागा ती निवडते, पुष्कळदा पाइनच्या जुन्या शंकूंपाशी, त्यामुळे घरटे आणखी एक शंकूच वाटते. वनस्पतींचा कापूस, दगडफूल आणि कोळ्याचे जाळे यांनी विणलेल्या त्या वाटीत ती दोन अंडी घालते. पिल्ले वाढू लागली की जाळ्याचे धागे ताणतात आणि वाटीही रुंदावते.