गुडघ्यांनी श्वास घेणारी राय

पर्यावरण दिनाला एका शाळेत बोलायला गेलो होतो. भिंतीवर मुलांनी रंगवलेला तक्ता लावला होता. एका बाजूला मुलगा, दुसऱ्या बाजूला आंब्याचं झाड, मध्ये दोन बाण आणि खाली ओळ: 'माणूस ऑक्सिजन घेतो, झाड ऑक्सिजन देते.' सातवीतल्या एका मुलीला विचारलं, "मग झाड स्वतः श्वास घेतं का गं?" ती म्हणाली, "घेतं सर, पण फक्त रात्री."

हेच उत्तर मला मोठी माणसंही देतात. पिंपळ मात्र त्याला अपवाद, तो म्हणे रात्रीसुद्धा ऑक्सिजन सोडतो, असं वर ऐकवतात. दोन्ही गोष्टी खऱ्या नाहीत. पाण्याचे रेणू फोडून त्यातला ऑक्सिजन बाहेर टाकायला प्रकाश लागतो, त्यामुळे अंधारात हे काम पिंपळालाही जमत नाही. आणि श्वसन म्हणाल तर प्रत्येक झाड ते चोवीस तास करतं. दिवसा पानांतून बाहेर पडणारा ऑक्सिजन कितीतरी जास्त असतो म्हणून ते आपल्या लक्षात येत नाही, इतकंच. मुळांचा विचार करून पाहा. तिथे उजेड नाही, हरितद्रव्य नाही. मूळ जन्मल्यापासून मरेपर्यंत ऑक्सिजन फक्त घेत असतं.

कुंडीतल्या अबोलीला मायेने रोज दोनदा पाणी घालणाऱ्या माणसाची अबोली का मरते? पाणी तर झाडाला हवंच असतं. ती मरते गुदमरून. मातीच्या कणांमधली हवेची जागा पाण्याने भरते आणि मुळांना श्वास घेता येत नाही. आता अशी कल्पना करा की एक अख्खं जंगल बारा महिने अशाच भरलेल्या कुंडीत उभं आहे आणि तरी ते हिरवंगार आहे. असं जंगल गोव्यात आहे.

वाळपई सोडून सत्तरीत आत शिरलं की नानोडे बांबरला निरंकाराची राय लागते. निरंकार म्हणजे ज्याला आकार नाही तो. आमच्याकडे देवराईला 'राय' म्हणतात, आणि या देवाची ओळख त्याच्या रायीवरूनच होते. सत्तरी हा गोव्याचा घनदाट रानाचा तालुका. म्हादई अभयारण्य याच भागात १९९९ साली जाहीर झालं, क्षेत्र सुमारे २०८ चौरस किलोमीटर. पोर्तुगीजांना हा मुलूख कधी नीट पचला नाही. १८५२ साली दीपाजी राण्यांनी नाणूसचा किल्ला घेऊन उठाव केला, १८९५ साली दादा राण्यांनी पुन्हा केला. दोन्ही वेळा डोंगर आणि रान लढणाऱ्यांच्या बाजूने होतं.

मी गेलो ते फेब्रुवारीत. पावसाळ्यात ही वाट जळवांची असते आणि पाय कुठे पडतो ते दिसत नाही. वाट आधी कुळागरातून जाते. वर पोफळी, मध्ये केळी, खाली मिरीचे वेल आणि वेलची, बाजूने वाहणारा पाट. डोक्यावरून एक मलबारी धनेश गेला. त्याच्या पंखांचा आवाज आधी आला आणि पक्षी नंतर दिसला. पुढे उतार संपतो आणि एकदम गार वाटतं. रायीच्या तोंडाशी आमच्याबरोबरचे गावातले काका थांबले. म्हणाले, "मास्तर, पायताणं इथंच सोडा. आणि आतलं पान उचललंत तरी परत तिथंच ठेवा."

आत घोटाभर पाणी होतं. स्वच्छ, संथ, हळूहळू सरकणारं. आणि त्या पाण्यातून सगळीकडे गुडघे वर आलेले. मला दुसरा शब्द सुचत नाही. जणू जमिनीखाली शेकडो माणसं पाय दुमडून बसली आहेत आणि त्यांचे गुडघे तेवढे बाहेर राहिले आहेत. मूळ चिखलातून वर येतं, घोड्याच्या नालेसारखं वळतं आणि पुन्हा चिखलात शिरतं. काही बोटाएवढी जाड, काही मनगटाएवढी. एकच मूळ हातभर अंतरावर परत वर येतं, परत खाली जातं. शिवणीचा टाका जसा कापडाच्या वरखाली जातो, तसं. दुसऱ्या काही झाडांची मुळं जमिनीच्या वर खोडातूनच फुटून तिरकी खाली आलेली, मांडवाच्या टेकूंसारखी.

ही झाडं जायफळाच्या कुळातली. स्वयंपाकघरातलं जायफळ मूळचं इंडोनेशियातल्या बांदा बेटांवरचं, पण त्याचे रानटी भाऊबंद सह्याद्रीचेच आहेत. बाजारात जायपत्रीच्या शेजारी स्वस्तात मिळणारी रामपत्री अशाच एका रानजायफळाची. गंमत अशी की कुळागरातल्या जायफळाच्या बुंध्याशी पाणी साचलं तर ते आजारी पडतं. त्याचे हे नातेवाईक मात्र पाण्यात उभे राहतात.

ते कसं जमतं, हे मला नीट सांगायचंय. थोडं गणित आहे, ते टाळत नाही.

हवेत आणि पाण्यात ऑक्सिजन किती असतो ते आधी बघू. आपल्याकडच्या साधारण तापमानाला एक लिटर हवेत सुमारे २७० मिलिग्रॅम ऑक्सिजन असतो. हवेशी नीट मिसळलेल्या एक लिटर पाण्यात तो जेमतेम ८ मिलिग्रॅम विरघळतो. म्हणजे साठाच तीस-पस्तीस पटींनी कमी. पण खरी अडचण साठ्याची नाही, वाटचालीची आहे. साचलेल्या पाण्यात ऑक्सिजनचे रेणू ढकलायला कुणी नसतं. ते एकमेकांना आणि पाण्याच्या रेणूंना आपटत, दिशाहीन धडपडत, जिथे जास्त आहेत तिथून जिथे कमी आहेत तिकडे पसरतात. याला विसरण म्हणतात. हवेत रेणू विरळ असतात, त्यामुळे वाट मोकळी. पाण्यात खचाखच गर्दी. पाण्यातलं विसरण हवेतल्यापेक्षा सुमारे १०,००० पटींनी मंद असतं. दोन्ही गोष्टींचा गुणाकार केलात तर पाण्याने भरलेल्या मातीतून मुळाला मिळणारा ऑक्सिजन सुमारे तीन लाख पटींनी घटतो.

विसरणाला आणखी एक खोड आहे, आणि मला तीच सर्वांत सुंदर वाटते. त्याला लागणारा वेळ अंतराच्या वर्गाने वाढतो. अंतर दुप्पट केलं तर वेळ चौपट, अंतर दसपट केलं तर वेळ शंभरपट. ऑक्सिजनच्या रेणूला हवेत एक सेंटिमीटर पसरायला साधारण अडीच सेकंद लागतात. पाण्यात तेवढ्याच अंतराला सात तास. दहा सेंटिमीटरला हवेत चार मिनिटं, पाण्यात जवळजवळ महिना. वाटेत सूक्ष्मजीव बसलेले असतात, ते येणारा ऑक्सिजन आधीच खाऊन टाकतात. म्हणून कुजक्या पाल्याच्या चिखलात वरचे काही मिलिमीटर सोडले की खाली ऑक्सिजन नावालाही उरत नाही.

ऑक्सिजन नसलेलं मूळ लगेच मरत नाही. ते साखर आंबवून काम चालवू पाहतं. पण ऑक्सिजन असताना ग्लुकोजच्या एका रेणूतून पेशीला एटीपीचे, म्हणजे ऊर्जेच्या सुट्या नाण्यांचे, सुमारे ३० रेणू मिळतात. किण्वनात मिळतात फक्त २. साखर तीच, कमाई पंधरावा हिस्सा, आणि वर अल्कोहोल साचतं ते वेगळंच. क्षार आत ओढणं, नवी टोकं वाढवणं, ही मुळाची कामं एवढ्या कमाईत भागत नाहीत.

आता गुडघ्याकडे या. पाण्यावर आलेल्या त्या वळणाची साल जवळून पाहिली तर तिच्यावर बारीक खरबरीत ठिपके दिसतात. ही वल्करंध्रं, सालीतली श्वासाची भोकं. त्यांच्या आत वायूतक, म्हणजे पेशींमध्ये हवेच्या पोकळ्या असलेलं ऊतक. पोकळ्या एकमेकींना जोडलेल्या, थेट चिखलातल्या मुळापर्यंत. झाडाने पाण्यातून ऑक्सिजन ओढायचा नादच सोडला आणि पाण्याखालून हवेची वाट काढली. तिथे पंप नाही. खालचं टोक ऑक्सिजन वापरतं, तिथे तो कमी होतो, म्हणून वरचा खाली पसरतो. भाताच्या रोपातही हीच युक्ती आहे. भाताचं मूळ आडवं कापून भिंगाखाली धरलं तर मध्ये मोठमोठ्या पोकळ्या दिसतात.

मग एकच उंच नळकांडं का नाही? इतके गुडघे कशाला? उत्तर त्या वर्गाच्या नियमात आहे. मूळ पाच मीटर लांब असेल आणि हवा एकाच टोकातून येत असेल, तर अगदी मोकळ्या पोकळीतूनही ऑक्सिजनला दुसऱ्या टोकाला पोचायला आठवडा लागेल. तेच मूळ दर मीटरला एकदा वर आलं, तर त्याचा कुठलाही बिंदू जवळच्या गुडघ्यापासून पन्नास सेंटिमीटरपेक्षा लांब राहत नाही, आणि वेळ येतो पावणेदोन तासांवर. ऊतकाच्या भिंती आडव्या येतात म्हणून प्रत्यक्षात तो जास्त असतो, पण प्रमाण तेच. हे कळल्यापासून मला रायीतला तो टाका म्हणजे चिखलात लिहिलेलं समीकरण दिसतो.

गुडघ्यांतून खरंच हवा जाते, हे कशावरून? चोडणच्या खाडीत आपण खारफुटी बघतो, तसल्याच झाडांवर याचा पुरावा मिळाला. १९५५ साली शोलांडर आणि सहकाऱ्यांनी खारफुटीच्या मुळांवरची वल्करंध्रं ग्रीससारख्या लेपाने बुजवली आणि आतला ऑक्सिजन मोजत राहिले. दोन दिवसांत तो खाली कोसळला. खाडीत भरती-ओहोटीमुळे मुळांची हवा थोडी ओढली-ढकलली जाते. रायीत भरती येत नाही, तिथे सगळी भिस्त विसरणावर.

कडेच्या साचल्या पाण्यावर तेलासारखा रंगीत तवंग दिसला. आमच्यातला एकजण म्हणाला, कुणीतरी डिझेल सांडलं असणार. मी काडीने तो हलवला. काचेचा पातळ पत्रा फुटावा तसे त्याचे कोनाकोनाचे तुकडे झाले आणि ते तसेच तरंगत राहिले. तेल असतं तर परत जुळून आलं असतं. हे लोखंड. गोव्याची माती आणि चिरा तांबडा आहे तो लोखंडाच्या ऑक्साइडमुळे. ऑक्सिजन संपलेल्या चिखलात काही जिवाणू ऑक्सिजनच्या जागी हे लोखंड वापरून श्वसन करतात. त्यात ते विरघळणारं होतं आणि मातीचा तांबडा रंग जाऊन ती राखाडी पडते. तेच लोखंड वर येऊन हवेला लागलं की पुन्हा गंजतं आणि त्याची साय धरते. चिखलात ऑक्सिजन नाही हे मी एवढा वेळ आकड्यांत सांगत होतो, ते पाण्याने स्वतःच वर लिहून ठेवलेलं होतं.

एका खोडावर फांदी मोडल्याची जखम होती आणि तिच्यातून लाल रस ओघळून सुकला होता. या कुळातल्या झाडांचा चीक लालच असतो, त्याचं कारण सालीतली टॅनिनसारखी द्रव्यं. झाडातून रक्त आलं, देव कोपला, असं सांगून मुलांना घाबरवू नका. रायीतलं पान उचलायचं नाही हा नियम मी मनापासून पाळतो. त्या नियमाने हे रान राखलं, आणि त्यासाठी भीतीची गरज नाही. दुसऱ्या टोकाचं बोलणंही मला तितकंच खटकतं. 'ऑक्सिजनचा कारखाना', 'कोट्यवधी वर्षांचं जिवंत जंगल' असं हल्ली सर्रास लिहिलं जातं. जुन्या रानात जेवढा ऑक्सिजन बनतो, जवळपास तेवढाच ते रान आणि तिथला कुजणारा पाला वापरून टाकतो. आणि पुरातन आहे तो या झाडांचा वंश, ही राय नव्हे. रायीचं मोल पाण्यात आहे. कुळागराचा पाट फेब्रुवारीतही वाहतो तो अशा पाणथळींमुळे.

अशा पाणथळींचं पहिलं शास्त्रीय वर्णन १९६० च्या सुमारास दक्षिणेत त्रावणकोरच्या भागातून आलं. निरंकाराच्या रायीच्या मुळांची नोंद १९९५ साली छापली गेली. आमच्या सीमेपलीकडे, दोडामार्ग तालुक्यातल्या बांबर्डे इथल्या अशाच जागेला महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये जैवविविधता वारसास्थळाचा दर्जा दिला. केरळ-कर्नाटकात अशा कितीतरी जागांचं पाणी काढून भात आणि पोफळी लावल्या गेल्या.

पाणी काढलं तर मोठी झाडं लगेच मरत नाहीत, म्हणून नुकसान दिसत नाही. ते बियांत दिसतं. रानजायफळाचं बी मोठं आणि ओलं असतं. धान्यासारखं वाळवून ठेवता येत नाही, वाळलं की मेलं. धनेश ते गिळतो, वरची पत्री पचवतो आणि बी दुसरीकडे ओकून टाकतो. ते ओल्या जागी पडलं तरच रुजतं.

मागच्या मे महिन्यात मी अशाच दुसऱ्या एका लहान पाणथळीवर गेलो. जागेचं नाव सांगत नाही. वरच्या अंगाला पाट खोल खणून पाणी बागेकडे वळवलं होतं. चिखलाला भेगा पडल्या होत्या आणि गुडघे कोरड्या जमिनीवर उभे होते. झाडांवर पानं भरगच्च. खाली पडलेलं एक बी उचलून कानाशी हलवलं, तर आतला गर कवचात खुळखुळला. घरी आई जायफळ वाळत घालते तेव्हा ते खुळखुळायला लागलं की डब्यात भरते. मी ते बी होतं तिथेच परत ठेवलं.