शरीर, मन आणि शाळेचा तास : २००७ च्या निर्णयामागची पार्श्वभूमी

२००७ साली महाराष्ट्र सरकारने शाळांतला किशोरवयीन शिक्षण कार्यक्रम थांबवला. पण वयात येणाऱ्या मुलामुलींना शरीर, मन आणि नातेसंबंध यांविषयी जाहीरपणे काय सांगावं, हा वाद महाराष्ट्राला नवा नाही. र. धों. कर्वे यांचं लैंगिक विषयांवरचं ‘समाजस्वास्थ्य’ मासिक १९२७ साली सुरू झालं आणि त्यावर अश्लीलतेचे खटले भरले गेले, हे सांगायची गरज नाही. पण तो वाद मोठ्या माणसांच्या वाचनाचा होता. शाळेच्या वेळापत्रकाशी त्याचा थेट संबंध आला नाही.

शाळेत हा विषय आला तो १९८० साली, लोकसंख्या शिक्षणाचा राष्ट्रीय प्रकल्प सुरू झाल्यावर. भर होता लहान कुटुंब आणि अपुरी साधनसंपत्ती यांवर. चौदा वर्षांच्या मुलाला स्वतःविषयी पडणाऱ्या प्रश्नांना त्यात जागा नव्हती. १९९३ साली दिल्लीतल्या राष्ट्रीय परिसंवादात किशोरवयीन शिक्षणावर स्वतंत्रपणे चर्चा झाली. जागतिक पातळीवर दहा जीवनकौशल्यांची (निर्णय घेणं, ताण हाताळणं वगैरे) मांडणीही याच सुमाराची. आपल्याकडच्या शिक्षक प्रशिक्षणांत ती यादी आजही पाठ म्हणून घेतली जाते. तोवर एड्सची भीती वाढली होती. २००५ साली केंद्राचं शिक्षण खातं आणि एड्स नियंत्रण यंत्रणा यांनी मिळून माध्यमिक आणि उच्च माध्यमिक वर्गांसाठी किशोरवयीन शिक्षण कार्यक्रम आणला. वर्षाला १६ तास, परीक्षा नाही, गुण नाहीत. आधी लोकसंख्या, मग एड्स. विषय दर वेळी दुसऱ्याच कुठल्या तरी काळजीचं बोट धरून शाळेत आला, आणि पुढे जे झालं त्याचं मूळ माझ्या मते इथेच आहे.

या कार्यक्रमाच्या संचात शिक्षकांसाठी पुस्तिका होती आणि वर्गासमोर उलटत जायचे मोठे चित्रतक्ते होते. २००७ च्या सुरुवातीला वादळ उठलं ते या तक्त्यांवरून. त्यांत स्त्री-पुरुषांच्या शरीराची उघडी रेखाचित्रं होती. मध्य प्रदेशाने आक्षेप घेतला, पाठोपाठ महाराष्ट्रात विधिमंडळात गदारोळ झाला आणि सरकारने कार्यक्रम थांबवला. गुजरात, कर्नाटक, राजस्थान, केरळ अशी यादी वाढत गेली. सत्तेवर कोण आहे याने काही फरक पडला नाही. डावे, उजवे, मधले, सगळ्यांनी एकच केलं.

आक्षेप अगदीच पोकळ होता असं म्हणता येणार नाही. पन्नास-साठ मुलामुलींचा एकत्र वर्ग, हातात तो तक्ता, आणि समोर उभे सर किंवा बाई, ज्यांची तयारी म्हणजे एखादं प्रशिक्षण शिबिर. मागच्या बाकावरून खसखस पिकली की पुढचं काही शिकवणं संपलंच. शिक्षकांच्या संघटनांनीही विरोध केला. त्यामागे संस्कृतीरक्षणाचा आवेश होता, तशी वर्गात उभं राहण्याची धास्तीही असणार.

पण चित्रं नको असतील तर चित्रं बदलायची. तसं नंतर झालंही, संच सुधारून पुन्हा काढला गेला. तोवर राज्यांनी अख्खा कार्यक्रमच गुंडाळून ठेवला होता. त्याच संचात मासिक पाळीची माहिती होती, मित्रांच्या आग्रहाला नाही कसं म्हणायचं याचे सराव होते. त्यांच्यावर कुणाचा आक्षेप नव्हता, पण त्यांची बाजू घेणारंही कुणी नव्हतं. गणिताचे तास कुणी असे बंद केले असते तर शिक्षक, क्लासवाले आणि पालक रस्त्यावर आले असते. या विषयाला स्वतःचा शिक्षक नव्हता, पाठ्यपुस्तक नव्हतं, गुणही नव्हते.

२००९ मध्ये राज्यसभेच्या याचिका समितीने आपलं मत दिलं. शाळेत लैंगिक शिक्षण नको, विवाहापूर्वी संबंध नकोत हाच संदेश मुलांना द्यावा, आणि शास्त्रीय माहिती द्यायचीच तर जीवशास्त्राच्या पुस्तकात, तीही दहावीनंतर. म्हणजे दहावीलाच शाळा सुटणाऱ्यांच्या वाट्याला काहीच नाही. केंद्रीय शाळांमध्ये सुधारित कार्यक्रम २०१० पासून सुरू झाला. राज्य मंडळाच्या शाळा त्याबाहेर राहिल्या.

पुढचं वळण कायद्याने दिलं. मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या २०१२ च्या पॉक्सो कायद्याने संमतीचं वय १८ केलं आणि गुन्ह्याची माहिती मिळाल्यास पोलिसांना कळवणं सर्वांवर बंधनकारक केलं, शिक्षकांवरही. मुलांच्या सुरक्षिततेसाठी हे आवश्यक होतं. पण अकरावीतली मुलगी मैत्रीविषयी काही विचारायला आली, तर तिचं किती ऐकून घ्यायचं हा पेच बाईंसमोर उभा राहिला. आता ‘गुड टच, बॅड टच’ अनेक शाळांत शिकवतात. भीती बदलली तसा आशयही बदलला.

आयुष्मान भारतच्या शालेय आरोग्य कार्यक्रमात (२०१८) अकरा विषय आहेत. आहार, व्यसनं, मानसिक आरोग्य, इंटरनेटचा सुरक्षित वापर वगैरे; प्रजनन आरोग्य त्यांतला एक. प्रत्येक शाळेत दोन शिक्षक आरोग्यदूत. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाच्या २०१९ च्या मसुद्यात माध्यमिक स्तरावर लैंगिक शिक्षणाचा स्पष्ट उल्लेख होता, संमती आणि छळ या शब्दांसह. २०२० च्या अंतिम धोरणातून तो गेला. ऑक्टोबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मात्र उलट दिशेने सांगितलं, की हे शिक्षण नववीपर्यंत लांबवू नये, आधीच सुरू करावं.

राज्यात सध्या दहावीच्या विज्ञानाच्या दुसऱ्या भागात मानवी प्रजनन आहे, ऋतुचक्र आहे, टेस्ट ट्यूब बेबी आहे, आणि ताणतणाव, व्यसनं, सायबर गुन्हे यांवर ‘सामाजिक आरोग्य’ हा वेगळा पाठही आहे. ‘घरी वाचून या’ म्हणणारे शिक्षक कमी नाहीत, पण बोर्डाला प्रश्न येतात म्हणून मुलं निदान वाचतात तरी. श्रेणीवर भागणारा आरोग्य आणि शारीरिक शिक्षणाचा तास मात्र जानेवारी उजाडला की गणिताला जातो.